नाव नसलेली पदकं आणि लंडनची डिस्ट्रिक्ट लाइन

टॉवर हिल स्टेशनातून बाहेर पडलं की गर्दी टॉवर ऑफ लंडनच्या किल्ल्याकडे वळते. स्टेशनाला लागूनच असलेल्या ट्रिनिटी स्क्वेअर गार्डन्समध्ये फारसं कुणी फिरकत नाही. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक इथे आहे. पहिल्या महायुद्धाचा भाग वास्तुविशारद लट्येन्सचा, १९२८चा. दुसऱ्या महायुद्धाचा भाग जमिनीच्या पातळीखाली उतरणाऱ्या बागेत आहे. तो मॉफेचा, १९५५चा, आणि एकट्या त्या भागात जवळजवळ २४,००० नावं आहेत. नावं आडनावांच्या क्रमाने लावलेली नाहीत. आधी जहाजाचं नाव, मग त्याखाली माणसं. खलाशाचा शोध असाच चालतो, जहाजावरून माणसाकडे. म्हणून पेटीत सापडलेली नाव नसलेली पदकं कोणत्या खलाशाची, हे शोधायचं असेल तर मी सुरुवात इथून करायला सांगतो.

पुढचा मुक्काम क्यू गार्डन्स, कारण नॅशनल आर्काइव्हज हा सरकारी दफ्तरखाना तिथे आहे. टॉवर हिलवरून जाणारी मेट्रोची डिस्ट्रिक्ट लाइन तिथे थेट जाते. मात्र पाटीवर ‘रिचमंड’ असलेलीच गाडी पकडायची. विम्बल्डनच्या गाडीत बसलात तर अर्ल्स कोर्टला, ईलिंगच्या गाडीत बसलात तर टर्नहॅम ग्रीनपर्यंत कुठेतरी उतरून गाडी बदलावी लागते. प्रवास पाऊण तासाच्या आसपासचा आहे, तेवढ्यात पदकांचा हिशेब नीट समजून घेता येतो.

ब्रिटिश खलाशाला मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव कोरलेलं नसतं. सहा टोकांचे तारे आणि वॉर मेडल, सगळी कोरी. त्यामुळे पेटीत सापडलेला संच त्याच माणसाचा आहे, हे नुसतं पदक पाहून सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धाचं मात्र उलट आहे. ब्राँझचं मर्कंटाइल मरीन वॉर मेडल आणि चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, दोन्हींच्या कडेवर नाव असतं. मर्कंटाइल मरीनची फीत हिरवी आणि लाल, मधे पांढरी: जहाजाच्या उजव्या-डाव्या बाजूचे दिवे आणि डोलकाठीवरचा दिवा. इतकी नेमकी फीत दुसरी नाही, असं माझं मत.

नाव नसलं तरी तारे मार्ग सांगतात. १९३९-४५ स्टारसाठी व्यापारी खलाशाला सहा महिन्यांची सेवा आणि युद्धक्षेत्रातली किमान एक सफर लागे. तो मिळाल्याशिवाय अटलांटिक स्टार नाही. आफ्रिका स्टार असेल तर १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातल्या भूमध्य समुद्रातल्या सफरी शोधायच्या. अटलांटिक आणि फ्रान्स-जर्मनी हे दोन्ही तारे एका माणसाला मिळत नसत. जो आधी कमावला तो तारा, दुसऱ्याच्या बदल्यात फितीवर पट्टी. संचात हे दोन्ही तारे एकत्र दिसले, तर कुणीतरी नंतर जोडजमव केली आहे असं समजा. आर्क्टिक स्टार सुरू झाला २०१३मध्ये. जुन्या संचात तो नाही म्हणून खलाशी रशियाला माल नेणाऱ्या ताफ्यांत नव्हता, असं ठरत नाही.

क्यू गार्डन्स स्टेशनपासून नॅशनल आर्काइव्हज दहा मिनिटांच्या चालीवर आहे. वाचकपत्र फुकट मिळतं, पण ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन वेगळे पुरावे लागतात. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. खोडरबरही बाहेरच ठेवायचं. फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात.

आधी बीटी ३९५ पाहा (बीटी म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश व्यापार खात्याची कागदपत्रं, पुढचा आकडा संचाचा). ही पदकांच्या दाव्यांची नोंद आहे आणि ती संगणकावर उपलब्ध असल्याने घरूनच उरकता येते. नाव, जन्मतारीख आणि डिस्चार्ज क्रमांक तिथे मिळतो. आपल्याकडच्या सीडीसीसारखं, सेवेच्या नोंदींचं जे पुस्तक खलाशाकडे असे, त्याच्यावरचा हा क्रमांक. समान नावाच्या माणसांत गोंधळ होतो तो इथे, आणि तो सोडवतोही हाच क्रमांक. नोंद सापडली नाही म्हणून खचू नका: पदकं आपोआप घरी येत नव्हती, अर्ज करावा लागे, आणि पुष्कळांनी तो केलाच नाही.

पुढचा टप्पा बीटी ३८२, म्हणजे १९४१पासूनची सेवापत्रकं. त्यांवर जहाजं आणि रुजू झाल्याच्या, सुटल्याच्या तारखा असतात. जहाजाचा अधिकृत क्रमांक जपून उतरवा, कारण एकाच नावाची अनेक जहाजं असतात आणि बीटी ३८१मधल्या खलाशांच्या याद्या व लॉगबुकं क्रमांकानुसारच लावलेली आहेत. बुडालेल्या जहाजासाठी बीटी ३७३ पाहा. शेवटी बीटी ३८९ची हालचाल-पत्रकं: कोणतं बंदर, कधी आलं, कधी सुटलं. सेवापत्रकाच्या तारखा या बंदरांशी जुळवल्या की प्रत्येक ताऱ्याचं कारण समोर येतं. जुळलं नाही, तर पदक दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता धरून चाला.

भारतीय खलाशाचा शोध मात्र लंडनमध्ये पुरा होत नाही. ‘गैरसोप्पा’ हे जहाज घ्या, आपल्या गिरसप्प्याचंच नाव. कलकत्त्याहून चांदी, बिडाचं लोखंड आणि चहा घेऊन निघालेलं. कोळसा अपुरा पडल्याने त्याने ताफा सोडला आणि फेब्रुवारी १९४१मध्ये जर्मन पाणबुडीने ते आयर्लंडच्या नैऋत्येला बुडवलं. वाचला एकच अधिकारी. टॉवर हिलच्या फलकावर या जहाजाखाली ब्रिटिश अधिकारी सापडतात. बहुसंख्य असलेले लास्कर, म्हणजे भारतीय खलाशी, तिथे नाहीत. अशा ६,४००हून अधिक भारतीय नाविकांची नावं मुंबई-चितगाव स्मारकाच्या नोंदवह्यांत आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. पण शोध जहाजाच्या नावाने घ्या. इंग्रज कारकुनांनी एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी पडलेलं असतं.