उकल नसलेली शाब्दिक उदाहरणे: संग्रह कुठवर आला

अंकांच्या अदलाबदलीचा गट आता पक्का झाला. त्यातले सगळ्यांत देखणे उदाहरण हे: दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज १०, अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने कमी होते. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य धरू. क्ष + य = १० आणि ९(क्ष − य) = २७, म्हणजे क्ष − य = ३. यावरून क्ष = ६.५, य = ३.५. असे अंक नसतात, म्हणून अशी संख्याच नाही.

पण ताळा करून पाहा. ६५ + ३.५ = ६८.५, अदलाबदलीनंतर ३५ + ६.५ = ४१.५, वजाबाकी नेमकी २७! ताळा समीकरण तपासतो, अट तपासत नाही. म्हणून ‘क्ष हा १ ते ९ आणि य हा ० ते ९ यांतील पूर्णांक’ ही ओळ समीकरणांच्या आधी लिहावी. असे उदाहरण रचायला बेरीज सम आणि अंकांतला फरक विषम घ्या, किंवा उलट. मूळ आणि अदलाबदल केलेल्या संख्यांतला फरक ४२ दिला तर ९ ने भाग जात नाही हे लगेच दिसते, त्यात मजा नाही. ८१ मात्र टाळा: तिथे फक्त ९० येते, आणि ०९ ला दोन अंकी म्हणायचे का यावर वाद होतो.

आयताच्या उदाहरणात बदल केला आहे. परिमिती २० सेमी तीच, क्षेत्रफळ ३० ऐवजी २६ चौसेमी. एक बाजू क्ष धरली तर क्ष² − १०क्ष + २६ = ०, विवेचक (वर्गमुळाखालची राशी) १०० − १०४ = −४, म्हणजे ऋण; उकल नाही. शेजारी २३ चे जोड-उदाहरण ठेवले आहे. पूर्णांक बाजू घेऊन कोष्टक केले की ९, १६, २१, २४, २५ एवढेच मिळतात, त्यामुळे २३ आणि २६ दोन्ही अशक्य वाटतात. प्रत्यक्षात २३ ला ५ + √२ आणि ५ − √२ या बाजू आहेत. जोडी एकत्रच द्यावी.

वेगाचा गट अपुरा आहे. ६० किमीपैकी पहिले ३० किमी ताशी ३० ने कापले, तर एकूण सरासरी ताशी ६० करायला उरलेला वेळ शून्य, उकल नाही. सरासरी ५८ मागितली तर उत्तर येते, ताशी ८७० किमी. वाहनाची वेगमर्यादा दिलेली नसेल तर ते ‘उकल आहे’ याच गटात जाईल.