कारण: तांत्रिक चूक

आमच्या ईसीजी रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात पट्टी पुन्हा का काढली ते लिहायचं असतं. १९ वर्षांत मी तिथे पेशंट हलला, वायर सुटली, घाम, असं बरंच लिहिलंय. त्या रात्री लिहिलं 'तांत्रिक चूक'. ते खोटं होतं.

बाई पन्नाशीच्या पुढच्या. दोन खवाट्यांच्या मध्ये दुखतंय, मळमळतंय, जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. छातीत दुखतंय का, विचारल्यावर त्या 'नाही' म्हणाल्या. खरं बोलल्या आणि तिथेच घात झाला. केसपेपरवर आलं: पित्त, खाली 'पेशंट घाबरलेली'. बायकांच्या कागदावर हा शेरा मी इतक्यांदा पाहिलाय की त्याचा रबरी शिक्काच करून घ्यावा.

हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखणं हे बायकांतही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे, हे खरं. पण दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं हे त्यांच्यात जास्त दिसतं, आणि कधीकधी तेवढंच दिसतं.

आल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी निघाला पाहिजे. निघाला. नीट निघाला, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण बायकांचा ईसीजी नीट काढणारे कमी आहेत. छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणलं की एक उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. तिथून मोजत बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२; इलेक्ट्रोड लावायच्या ठरलेल्या जागांची ही नावं. व्ही-४ पाचव्या फटीत, स्तनाच्या खाली. लोक संकोचतात ते नेमके इथे. कपडा अर्धवट सरकवायचा आणि मिळेल त्या जागी इलेक्ट्रोड चिकटवायचा. पट्टी छान गुळगुळीत निघते, फक्त भलत्याच जागेची असते. मी आधी सांगते, चादर घालते, हाताच्या मागच्या बाजूने स्तन उचलते आणि बरगड्या मोजते. एक मिनिट जास्त लागतं.

मशीनने खाली छापलं, 'विशेष बदल नाहीत'. डॉक्टरांनी तेवढंच वाचलं.

मी वायरी काढत होते तेव्हा बाई म्हणाल्या, "ताई, माझं पित्त २० वर्षांचं आहे. मी त्याला ओळखते. हे ते नाही." पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातली एक पट्टी काढली. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीचा ईसीजी. "डॉक्टरांना म्हटलं, दोन्ही शेजारी ठेवून बघा. ते म्हणाले, मशीन नॉर्मल म्हणतंय."

मी ठेवून बघितल्या. व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये जुन्या पट्टीवरची रेघ सपाट होती. नव्यात ती जेमतेम एक बारीक चौकोन, म्हणजे १ मिलिमीटर, खाली झुकलेली.

"आणि दुखतंय पाठीत, तर वायरी सगळ्या पुढेच का? मागून नाही काढत?"

दुखेल तिथे वायर लावायची, असं काही शास्त्र नाही. पण पुढच्या लीडमध्ये, म्हणजे छातीवरच्या वायरींच्या नोंदीत, रेघ खाली झुकली की हृदयाच्या मागच्या भिंतीत काही चाललंय का हे बघायचं असतं, आणि ते पाठीवरूनच दिसतं. बाईंचा प्रश्न भाबडा होता आणि अगदी बरोबर होता.

डॉक्टरांकडे गेले. "सर, पेशंट म्हणतायत पुन्हा काढा, मागूनही." उत्तर आलं, "पेशंट हल्ली गुगल करून येतात." माणूस वाईट नाही. सलग दुसरी रात्र होती त्याची. मी दारापर्यंत आले आणि परत फिरले. "सर, माझ्याच लीड्स चुकल्यात बहुतेक."

"मग काढा ना. आणि नीट काढा."

व्ही-४, ५, ६ च्या वायरी काढून मागे नेल्या. व्ही-७ काखेच्या मागच्या रेषेत, व्ही-८ खवाट्याच्या टोकाखाली, व्ही-९ कण्याच्या डाव्या कडेला, तिन्ही व्ही-६ च्याच पातळीत. मशीनला हे कळत नाही, ते आपलं व्ही-४, ५, ६ छापत राहतं. म्हणून पट्टीवर पेनने खाडाखोड करून नावं घालायची. विसरलात तर पुढचा माणूस फसलाच. इथे अर्धा बारीक चौकोन रेघ वर उचललेली दिसली तरी अटॅक धरायला पुरते. व्ही-८ मध्ये पूर्ण एक होती.

मग मात्र डॉक्टर पळाले. सर्कमफ्लेक्स बंद होती. ही धमनी हृदयाच्या मागच्या अंगाला जाते आणि नेहमीच्या १२ लीड्सना बऱ्याचदा चकवते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट अजून आलाच नव्हता. आला असता तरी ते चढायला काही तास लागतात, त्यामुळे सुरुवातीलाच एकदा नॉर्मल आलं म्हणून पेशंटला घरी सोडता येत नाही. उजाडेपर्यंत स्टेंट बसला होता.

अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय की बाईला पुरुषासारखे उपचार मिळवायचे तर आधी तिचा आजार पुरुषासारखा दिसावा लागतो. आमच्याकडे तर तिचं म्हणणं माझी चूक म्हणून सादर करावं लागलं. बाईंनी जुना कागद जपला, नेमकं सांगितलं, नेमकं मागितलं, आवाजही चढवला नाही. तरी त्यांच्या नावावर काही चाललं नाही. माझी चूक मात्र लगेच पटली.

आठवड्याने इनचार्जनी बोलावलं, एवढी सीनियर असून लीड्स चुकतात कशा म्हणून. मी ऐकून घेतलं. खरं सांगितलं असतं तर विचारलं असतं, पेशंटच्या सांगण्यावरून तू पट्ट्या काढतेस का?

सहा आठवड्यांनी बाई तपासणीला आल्या. त्याच पाकिटात आता फाइलची झेरॉक्सही होती. दुसऱ्या पट्टीवरचं माझं अक्षर त्यांनी बोटाने दाखवलं.

"ताई, चूक काय झाली होती?"

"काहीच नाही."

"मग असं का लिहिलंय?"

मी त्यांच्या पाठीवर खवाट्याचं टोक चाचपत होते. म्हटलं, "श्वास सोडा. हलू नका."