रिपोर्टमध्ये न दिसणारं

बुधवार, रात्री

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, उतरवणारं इंजेक्शन आज झालं. पीएसए, म्हणजे रक्तात या कर्करोगाचा माग दाखवणारा आकडा, अगदी खाली आलाय, टेस्टोस्टेरॉनही हवं तसं ५० च्या आत. डॉक्टर म्हणाले, "उत्तम चाललंय." खरंच उत्तम चाललंय आणि मला त्याचं मनापासून समाधान आहे. पण त्या कागदावर झोप नसते, दंडातली ताकद नसते, नवरा-बायकोमधलं काही नसतं. ते आपल्यालाच तोंडानं सांगावं लागतं. आज सगळं सविस्तर सांगितलं.

सुरुवात अंगात अचानक उठणाऱ्या गरम वाफांपासून केली. छातीच्या मध्यावर आधी एक ऊब जाणवते, ती मानेवरून कानांपर्यंत चढते, कपाळावर घाम फुटतो. बनियन पाठीला चिकटतं. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग त्याच ओल्या बनियनमध्ये हुडहुडी भरते. रात्री हे झालं की झोप गेलीच. टेस्टोस्टेरॉन एकदम उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. अंगातली उष्णता जराशी वाढली तरी शरीर तापल्यासारखं ते घाम सोडायला लावतं. कारण कळलं तेव्हा निदान धास्ती तरी गेली.

बायकोला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाळी जातानाची तिची वर्षं तिला लख्ख आठवतात. उशाशी कोरडं बनियन आणि टॉवेल, पांघरूण एका जाडऐवजी दोन पातळ, निजायच्या आधी गरम किंवा तिखट काही नाही, हे सगळं तिचंच. वाफ कधी आली आणि त्याआधी काय केलं होतं, हे वहीत टिपायलाही तिनंच लावलं. आज ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली आणि रात्रीसाठी गोळी लिहून दिली. वाफांवर औषधं आहेत: गॅबापेंटिन, वेनलाफॅक्सिन, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. कुणाला कुठलं चालेल ते बाकीच्या आजारांवर ठरतं, पण 'हे असंच असतं, सोसा' हे काही उत्तर नव्हे.

बाहेर बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "तुम्हालाही घाम येतो का हो?" त्यांचं इंजेक्शन नुकतंच सुरू झालं होतं. घरी कुणाला बोलले नव्हते. त्यांना म्हटलं, आत गेल्यावर हेच पहिलं सांगा.

शुक्रवार

थकव्याबद्दल लिहायचं राहिलं. हा दमल्याचा थकवा नाही. सकाळी उठल्या उठल्या अंगात शिसं भरल्यासारखं वाटतं. पडून राहावंसं वाटतं आणि पडून राहिलं की तो आणखी वाढतो. त्यावर सगळ्यात खात्रीचा उपाय व्यायाम आहे, हे सुरुवातीला मला पटतच नव्हतं. आता पटलंय, कारण ज्या दिवशी व्यायाम होतो त्या दिवशी दुपार बरी जाते. नुसतं चालणं मात्र पुरत नाही. या उपचारात स्नायू झडतात, पोटावर चरबी चढते, म्हणून स्नायूंवर भार यावा लागतो. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेलं करतो: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा ओढणं. बाटलीचं घट्ट झाकण मध्यंतरी मला उघडेनासं झालं होतं. काल उघडलं. फार बरं वाटलं.

हाडांचंही तेच. टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडं विरळ होऊ लागतात, आणि ते मोडेपर्यंत कळत नाही. म्हणून उपचाराच्या सुरुवातीलाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करून घेतला होता. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायची वेळ आली तर त्याआधी दात तपासून घ्यायचे असतात. त्या औषधांवर असताना दात काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब हे नेमानं बघायचंच.

रविवार

हे लिहायला मन घट्ट करावं लागतंय. इच्छा होते आणि जमत नाही, असं नाही. इच्छाच होत नाही. मनाच्या घरातली एक खोली कुणी रिकामी करून नेल्यासारखं आहे. गोळ्यांनी ताठरता येऊ शकते, ओढ येत नाही. ते औषध इच्छेसाठी नसतंच.

काल रात्री तिच्याशी बोललो. म्हटलं, मी दूर राहतो याचा अर्थ तू नकोशी झालीस असा कधी लावू नकोस. ती म्हणाली, "अहो, मला वाटायचं तुम्हाला हातही लावलेला आवडत नाही आता." इतके महिने आम्ही दोघंही एकमेकांना जपायचं म्हणून गप्प होतो. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ आम्ही तसेच बोलत बसलो, कितीतरी जुनं काही. जवळीक एवढीही असते, आणि ती मला हवी आहे, हे तिला सांगता आलं.

डोळे भरून येण्याचंही तिला सांगितलं. बातम्या बघताना, नातीचा फोन ठेवताना उगाच पाणी येतं. हाही त्याच औषधाचा भाग असू शकतो. उदासी दिवसेंदिवस हटेना, कशातच मन लागेना, तर तेही डॉक्टरांना सांगायचं, हे आमचं ठरलं.

चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधामुळे माझ्यासारखे कितीतरी जण आज हिंडतेफिरते आहेत. मला हे उपचार हवेच आहेत. आणि ते घेत असताना नीट झोपायचं आहे, जिने चढायचे आहेत.

पुढच्या वेळी ती माझ्यासोबत आत येणार आहे. तिचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून तयार आहेत: हृदयाची तपासणी कधी करायची, डेक्सा पुन्हा केव्हा, आणि इंजेक्शन थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन परत यायला किती महिने लागतात, माझ्या वयात ते पूर्ण येतं का.