फुग्यांच्या कारखान्यात दोन दिवस: आपल्या नावाची रेंज ठरवण्याआधी

निघालो तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये आपल्या नावाने विकायच्या फुग्यांची ३२० ओळींची यादी होती. ४० रंग, चार मापं, दोन पॅकिंग. गुणाकार केला आणि झाली म्हटलं रेंज तयार. परतलो तेव्हा त्यातल्या ४९ ओळी उरल्या होत्या.

पहिल्या दिवशी डिपिंग लाइन बघितली. कारखान्यात गेल्यावर आपल्याला थेट मीटिंगच्या खोलीत बसवून चहा देतात. तो नंतर प्या, आधी लाइनवर चला म्हणा. फुग्याच्या आकाराचे साचे आधी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात बुडतात, मग रंग मिसळलेल्या रबराच्या चिकात. आधीच्या द्रावणामुळे चीक साच्यावर गोठतो. पुढे फिरते ब्रश तोंडाची कड गुंडाळतात, गरम पाण्यात धुणं होतं, भट्टीत पक्कं होणं होतं आणि शेवटी फुगा साच्यावरून उतरतो. कारखाना प्रत्येक रंगाला कमीत कमी अमुक इतकी ऑर्डर का मागतो, हे मिनिममचं कोडं हे बघितल्यावर सुटलं. एक रंग म्हणजे एक टाकी, आणि टाकी भरली की ती संपेपर्यंत फुगे निघणारच. आपल्याला 'थोडेसे जांभळे' हवे असतात, पण टाकीला थोडंसं कळत नाही. म्हणून ४० चे १४ रंग झाले: ५ इंची एका पॅकिंगमध्ये, १२ इंची दोन पॅकिंगमध्ये, १८ इंची फक्त सहा रंगांत, आणि वळवून प्राणी करायच्या लांब २६० चं एकच मिश्र पाकीट.

रंगांनी अख्खी दुपार खाल्ली, आणि खायलाच हवी होती. कलर कार्डवर फुगे न फुगवलेले चिकटवलेले असतात. त्यावर बघून मी नेव्ही ब्लू पक्का केला होता. १२ इंची फुगवला तर तो शाळेच्या जुन्या गणवेशासारखा विटका निळा दिसला. रबर ताणलं की रंग पातळ होतो. हे माहीत असणं वेगळं आणि आपल्याच निवडीवर बघणं वेगळं. पारदर्शक फुगा तर काही तासांतच धुरकट झाला. ते ऑक्सिडेशन आहे, दोष नव्हे, पण दुकानदाराला हे आधी सांगितलं नाही तर माल परत येतो. तेव्हा निवडलेला प्रत्येक रंग ५ आणि १२ अशा दोन्ही मापांत फुगवा आणि ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उजेडात न्या. मी सोळा फुगे घेऊन अंगणात उभा होतो, वॉचमन हसत होता.

सोबत दोन गोष्टी न्या: छोटा वजनकाटा, आणि ११ इंचांचं गोल भोक पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. १२ इंची फुगा २.८ ग्रॅमचाही मिळतो आणि ३.२ ग्रॅमचाही, पाकिटावर दोघांचं नाव सारखंच. ऑर्डरमध्ये नुसतं 'उत्तम दर्जा' लिहू नका, ग्रॅम लिहा. पाकिटं वजनावर भरत असतील तर शंभरच्या पाकिटात ९७ निघू शकतात; शंभराच्या खाली एकही चालणार नाही हेही लिहून घ्या. दहा फुगे खोक्याच्या भोकात मावतील एवढे फुगवून बघा, गळ्याकडे नासपतीसारखा लांबट झालेला फुगा बाजूला काढा. मग गाठ मारून बघा. गळा दोन बोटांभोवती गुंडाळून टोक आत सरकलं पाहिजे. आखूड गळ्याचे फुगे बांधून माझी तर्जनी वीस फुग्यांतच सोलवटली. सजावटवाला दिवसाला किती बांधतो याचा विचार करा.

फॉइल फुग्यांचा कारखाना वेगळा, तिथे अर्धाच दिवस दिला. खास आकाराला वेगळा डाय, म्हणजे कापायचा साचा, लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी १८ इंची गोल, तारा आणि हृदय पुरे.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा, पण गळ्याशी येतो तो इथेच. माल युरोपियन संघात विकणार असाल तर खेळण्यांच्या २००९ च्या नियमावलीनुसार पाकिटावर तुमचं नाव आलं की कायद्याच्या नजरेत उत्पादक तुम्हीच, कारखाना नव्हे. तपासणी अहवाल तुमच्याच मालाचा हवा. फुग्यांमध्ये नायट्रोसामाइनची (रबरात तयार होणारी, कर्करोगाचा धोका असलेली रसायनं) मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम आहे, तो आकडा अहवालात शोधा. मला आधी दाखवलेला अहवाल दुसऱ्याच कोणाच्या तरी ऑर्डरचा होता. पाकिटाची मागची बाजू आधी आखा: आठ वर्षांखालील मुलांना न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्याने गुदमरण्याचा धोका, मोठ्यांची देखरेख, पंपाचा वापर, नैसर्गिक रबर, लॉट नंबर, बारकोड. हे सगळं चार भाषांत बसवलं आणि माझ्या डिझायनरचा लाडका हत्ती मागून पुढे आला.

निघताना प्रत्येक रंगाचे दहा-दहा फुगे दोन काळ्या पिशव्यांत भरले, दोन्हींवर माझी आणि कारखानदाराची सही आणि तारीख. एक पिशवी कारखान्याकडे, दुसरी माझ्या कपाटात, उन्हापासून लांब. पहिला कंटेनर आला तेव्हा कार्टन उघडायच्या आधी मी ती पिशवी उघडली. तेरा रंग जुळले. पिवळ्यावर अजून ईमेल चालू आहेत.