पोपडे न काढलेलं घर : डर्बीशायरमधलं कॉक अ‍ॅबी

डर्बीहून दक्षिणेकडे निघालं की स्वार्कस्टनला ट्रेंट नदी लागते. नदीचं पात्र तसं बेताचंच, पण भोवतीची सगळी जमीन पुराची. त्यामुळे पूल ओलांडला तरी रस्ता जमिनीवर उतरत नाही. दगडी कमानींवरून तो बराच वेळ तसाच पुढे जात राहतो. या कमानी मध्ययुगातल्या आहेत आणि त्यांच्यावरून आजही रोजची वाहतूक चालते. आईला मी मुद्दाम याच रस्त्याने नेलं, कारण आम्ही जे घर बघायला निघालो होतो त्याची गोष्ट इथूनच सुरू होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात स्वार्कस्टनला रिचर्ड हार्पर नावाचे एक न्यायाधीश राहायचे. वकिलीत पैसा मिळवायचा, तो जमिनीत घालायचा आणि मुलांची लग्नं जमीनदार घराण्यांत लावून द्यायची, हा त्या काळी वर चढण्याचा खात्रीचा मार्ग होता. हार्पर त्याच मार्गाने मोठे झाले.

इंग्लंडमधला जुना वाडा दिसला की आपल्याकडचा माणूस मनात पहिला प्रश्न विचारतो, ‘यात आपला पैसा किती?’ प्रश्न रास्तच आहे, कारण बंगालच्या पैशावर उभी राहिलेली घरं इथे खरोखर आहेत. या घराचा पाया मात्र इथलाच : वकिली, सोयरिकी, कुळांकडून येणारा खंड आणि चुना. चुन्याकडे मी पुढे येतेच.

टिकनल गावातून आत वळलो. फाटकानंतर मोठी झाडं, मग मोकळं कुरण, मग पुन्हा झाडं. घर काही दिसेना. आई म्हणाली, “अगं, नक्की इथेच आहे ना?” घर आहे खोलगटात. एवढं प्रचंड दगडी घर, आणि अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. साधारणपणे अशी घरं टेकाडावर बांधतात, चार मैलांवरून दिसावीत म्हणून. हे मात्र खळग्यात दडलेलं, कारण ही जागा मुळात हार्परांनी निवडलेलीच नव्हती. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला चेस्टरच्या अर्लने इथे ऑगस्टिनियन पंथाचा छोटा मठ वसवला. जोगी माणसांना आडोसा आणि पाणी हवं होतं, ते या खोलगटात मिळालं. पुढे हा मठ जवळच्या रेप्टनच्या मठाच्या हाताखाली गेला. 1538 मध्ये आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बंद केले तेव्हा तोही संपला. मग जमीन दोनतीन हातांतून फिरली आणि 1622 साली हेन्री हार्परने ती 5,350 पौंडांना विकत घेतली.

‘कॉक’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ल’ असला तरी इथले लोक तो उच्चारत नाहीत, ‘टॉक’, ‘वॉक’ म्हणतात तसं ‘कॉक’ म्हणतात. आणि ‘अ‍ॅबी’ म्हणावा एवढा मोठा मठ इथे कधीच नव्हता. ते नाव 1808 मध्ये हौसेने घेतलेलं. आत्ता दिसणारं घर 1701 ते 1704 या काळात सर जॉन हार्परने बांधलं. म्हणजे खरं तर जुन्या घराला बाहेरून नवा दगडी अंगरखा चढवला. जुन्या भिंती अजून आत कुठे कुठे आहेत. खांबांचा दर्शनी सोपा त्यानंतर शंभर वर्षांनी आला.

दारात तिकिटावरची वेळ बघून आत सोडलं. पहिल्या दिवाणखान्यात शिरल्यावर आई थबकली, कारण भिंतींवरून गुरांची आणि हरणांची मुंडकी चारी बाजूंनी बघत होती. पुढच्या खोल्यांमध्ये काचेच्या पेट्याच पेट्या. पेंढा भरलेले पक्षी, शिंपले, दगड, अंडी. एका पेटीवर दुसरी, तिच्यामागे तिसरी. हे सगळं सर व्हॉन्सी हार्पर क्रू या गृहस्थांचं. 1886 ते 1924 एवढा काळ ते या घराचे मालक होते.

या माणसाविषयी मी बरंच वाचलं होतं, तरी त्याच्या खोल्यांतून चालताना तो वेगळाच कळला. त्याला माणसं फारशी नको होती, पाखरं हवी होती. अ‍ॅगाथॉस पेग नावाचा त्याचा शिकारखात्याचा मुख्य रखवालदार हाच त्याचा जिवाभावाचा सोबती. दोघं दिवसच्या दिवस रानात काढायचे. त्याने आपल्या हद्दीत मोटारगाड्यांना बंदी घातली होती. पाहुण्यांनी मोटार फाटकाबाहेर ठेवायची आणि पुढे घोडागाडीने यायचं. घरातल्या घरात मुलींशी तो नोकराच्या हाती चिठ्ठ्या पाठवून बोलायचा, असं सांगतात. एका मुलीला सिगारेट ओढली म्हणून घराबाहेर काढलं. दुर्मिळ पक्षी दिसला की गोळी घालून पेटीत ठेवायचा. मला हे वाचून राग यायचा आणि अजूनही येतो. तरी त्याच माणसाने आपल्या रानाला हात लावू दिला नाही, झाडं पडली तर पडलेली राहू दिली. आज या रानाला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. जुन्या, सडत आलेल्या ओकच्या खोडांत राहणारे भुंगे दुसरीकडे सहजी सापडत नाहीत, ते इथे आहेत.

त्याच्या आधीही या घराण्यात एकटेपणाची ओढ होतीच. त्याच्या पणजोबांना, म्हणजे सातव्या बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा किताब) सर हेन्रींना, लोक ‘एकांतवासी बॅरोनेट’ म्हणायचे. त्यांनी 1792 मध्ये एका बाईंच्या दासीशी लग्न केलं आणि प्रतिष्ठित समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. दोष समाजाचा होता असं मला वाटतं.

या माणसांनी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या केली : काहीही टाकलं नाही. खोली भरली की दार ओढून घ्यायचं आणि पुढच्या खोलीत राहायला जायचं. वरच्या मजल्यावर एक शयनगृह आहे. लोखंडी पलंग, त्यावर शिंगांचा ढीग, खाली ट्रंका, भिंतीवरचा कागद वरून सुटून गुंडाळी होऊन लोंबतोय. मी वाकून बघितलं. कागदाच्या मागच्या बाजूला गिलाव्याचा पातळ थर तसाच चिकटलेला होता आणि सुटलेल्या कडेला कुणीतरी बारकाईने डिंकासारखं काही लावून ती होती तिथेच थांबवली होती. कागद परत चिकटवला नव्हता, काढूनही टाकला नव्हता. आई हळूच म्हणाली, “आपल्या वाईच्या घराची माळ्यावरची खोली अशीच होती गं. दादांनी घर विकलं तेव्हा दोन दिवसांत ट्रक भरून भंगारात गेली.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

हे घर आता नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेकडे आहे. खोलीतल्या तिच्या स्वयंसेवक आजोबांना मी कागदाबद्दल विचारलं. त्यांनी फार आनंदाने समजावून सांगितलं. छप्पर दुरुस्त केलंय, ओल थांबवलीय, वाळवी-किडीचा बंदोबस्त केलाय. पण रंगरंगोटी केलेली नाही. घर हाती आलं त्या दिवशी जितकं पडलेलं होतं, तितकंच पडलेलं ठेवायचं. त्यापुढे पडू द्यायचं नाही. प्रत्येक वस्तूची नोंद झाली आणि कामं उरकल्यावर ती उचललेल्या जागीच परत ठेवली गेली, खुर्चीवरची खुर्चीसुद्धा. नवं करणं सोपं असतं. असं जिथल्या तिथे थांबवून धरायला कितीतरी जास्त कौशल्य लागतं, आणि पैसाही.

घर ट्रस्टच्या हाती आलं त्याचीही एक मोठी हकीकत आहे. सर व्हॉन्सींचा एकुलता मुलगा 1921 मध्ये त्यांच्या आधीच गेला. 1924 मध्ये ते स्वतः गेले आणि बॅरोनेटचा किताब संपला. थोरल्या मुलीला, हिल्डाला, वारसाकर भरण्यासाठी पक्षी आणि फुलपाखरांच्या संग्रहाचा मोठा भाग विकावा लागला. (आज एवढं उरलंय, तर तेव्हा किती असेल!) तिच्यामागे भाचा चार्ल्स आला. विजेचे दिवे या घरात लागले 1962 साली. 1981 मध्ये चार्ल्स अचानक वारला. इस्टेटीची किंमत निघाली सुमारे 1 कोटी 40 लाख पौंड आणि त्यावरचा कर सुमारे 80 लाख. धाकटा भाऊ हेन्री एवढे पैसे आणणार कुठून? जमीन होती, रोकड नव्हती.

सामान लिलावात निघालं असतं तर घर संपलंच होतं. एकेका वस्तूला तशी मोठी किंमत नव्हती. सगळ्या मिळून, आपापल्या जागी असण्यातच त्यांचं मोल होतं. जुन्या इमारतींसाठी झटणाऱ्या लोकांनी वर्तमानपत्रांतून आणि पत्रकांतून गलका केला. शेवटी मार्च 1984 मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणातच या घरासाठी 45 लाख पौंडांची तरतूद जाहीर केली. 1985 मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आलं आणि 1989 मध्ये लोकांसाठी उघडलं. एक खेड्यातलं घर, आणि त्याचं नाव देशाच्या अर्थसंकल्पात! स्टॅफर्डशायरमधली वॉर्स्लोची माळरानं हीसुद्धा याच घराण्याची. तीही 1986 मध्ये कराच्या बदल्यात गेली आणि आता पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाकडे आहेत. आपल्याकडे वारशावरचा असा कर, इस्टेट ड्यूटी, 1985 मध्येच रद्द झाला. आपले वाडे करापायी गेले नाहीत. वाटण्यांपायी गेले, आणि चटईक्षेत्रापायी.

आता इथल्या एका पलंगाची गोष्ट. ट्रस्टची माणसं खोल्या उघडून यादी करत होती तेव्हा त्यांना एका लाकडी खोक्यात घड्या घातलेलं चिनी रेशीम सापडलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा छत्रीपलंग, पडदे-झालरींसकट. राजा दुसऱ्या जॉर्जच्या मुलीच्या, राजकन्या अ‍ॅनच्या, 1734 मधल्या लग्नात या घरात आलेली सून लेडी कॅरोलाइन करवली होती. तिला हा आहेरात मिळाला असावा. आल्यापासून तो बहुधा कधी पूर्ण उभारलाच गेला नाही. अडीचशे वर्षं अंधारात राहिल्यामुळे रंग जसेच्या तसे. आता तो काचेआड, मंद उजेडात उभा आहे. डोळे सरावायला मिनिटभर लागलं. मग गडद निळ्यावर पांढरी हरणं, पक्षी, फुललेल्या फांद्या एकेक करून वर आल्या. आई आयुष्यभर भरतकाम करत आली आहे. काचेला नाक लावून ती म्हणाली, “हे झाडाच्या गाठीवरचं बघ, हा रेशमाचा धागा नाहीये. मोरपिसं आहेत ती.” मी तिथला फलक वाचला. झाडांच्या गाठींना आणि फुलपाखरांच्या पंखांना मोरपिसांचे तंतू घट्ट वळून वापरलेत, असंच त्यावर होतं. तिथल्या बाईंना मी आईचं बोलणं सांगितलं. त्या आईला हाताला धरून दुसऱ्या बाजूला घेऊन गेल्या आणि तिथलं भरतकाम दाखवलं. एकमेकींची भाषा येत नसताना दोघी दहा मिनिटं बोटांनी टाके दाखवत बोलत होत्या.

स्वयंपाकघर उंच आणि थंडगार आहे. विसाव्या शतकात ते सोडून दिलं, ते तसंच उभं आहे. तिथून पुढे एका विटांच्या भुयारातून बाहेर पडायचं. दारूभट्टीतून बिअरची पिंपं घराच्या तळघरात आणण्यासाठी केलेलं हे भुयार. बागेच्या बाजूलाही असंच एक आहे. नोकर, माळी, पिंपं, काहीच मालकाच्या नजरेस पडू नये, अशी या घरांची रचना. ओल्या भिंतीला हात लावत चालताना मला अंगाला चिकटणाऱ्या त्या गारव्यापेक्षा हा विचारच जास्त टोचला.

चुन्याचं सांगायचं राहिलंच. टिकनलच्या बाजूला चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत, आता झाडीत बुडालेल्या. भट्ट्यांच्या कमानी मात्र शाबूत आहेत. हा चुना नेण्यासाठी 1802 मध्ये बेंजामिन औट्रम या अभियंत्याने घोड्यांनी ओढायच्या डब्यांचा लोहमार्ग आखला. तो घराच्या मुख्य वाटेला छेदत होता, म्हणून वाटेखालून बोगदा काढून त्याला पलीकडे नेलं. वर साहेबांची बग्गी, खाली चुन्याचे डबे. त्या बोगद्यातून आज चालत जाता येतं. आम्ही गेलो. आत काळोख आणि टपटप पाणी. ज्यांनी त्या भट्ट्यांवर जन्म घालवला त्यांच्या वस्तू कुठल्या पेटीत नाहीत. हा बोगदा तेवढा आहे.

संध्याकाळी उरलेल्या उजेडात आम्ही म्हाताऱ्या ओककडे गेलो. ‘ओल्ड मॅन ऑफ कॉक’ म्हणतात त्याला. वय सुमारे 1,200 वर्षं. उंच नाही, उलट बुटका आणि रुंद, खोडाला सुरकुत्या आणि गाठी, आत पोकळ. वर मात्र हिरवी पानं. मठ बांधायला माणसं आली तेव्हा हा चांगला तीनशे वर्षांचा होता.

आईने दोन्ही हात खोडाला लावले आणि विचारलं, “तू म्हणालीस ना, जमीन विकली होती? किती पौंडांना?”

“5,350. 1622 साली.”

“म्हणजे हाही त्यातच विकला गेला असणार.”

“असणार.”

तिने पदर सावरला आणि पावलं मोजत खोडाभोवती एक फेरी घातली, मग दुसरी. आकडा दोन्ही वेळेला वेगळा आला. म्हणून तिसरी.