हवेतले 25 किलोमीटर

ठाण्यात गोखले रोडवर आमचं तिकिटांचं ऑफिस आहे. हल्ली लोक तिकीट स्वतःच काढतात आणि अडलं की आमच्याकडे येतात. त्या दिवशी सकाळी घोडबंदरचा एक मुलगा आई-वडिलांच्या प्रवास विम्यासाठी आला. दोघं नागपूरहून संध्याकाळी साडेपाचला नवी मुंबईत उतरणार आणि 8:40 ला सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, लंडनला निघणार. तिकिटं दोन, वेगवेगळी.

"विमानतळ वेगळे आहेत," मी म्हटलं.

"माहितीये ताई. मध्ये फक्त 25 किलोमीटर आहेत." त्याने फोनवर साइट दाखवली. आकडा बरोबरच होता. उलव्याहून, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावरून, सहारला सरळ रेघ मारली तर तेवढंच भरतं, पण ती रेघ खाडीवरून जाते. गाडीला वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर करत 40 च्या आसपास पडतात. अटल सेतू शिवडीला उतरतो, सहारसाठी त्याचा उपयोग नाही.

नागपूरचंही त्याने तसंच मांडलं होतं: अंतर 670, वेग 800, म्हणजे पाऊण-एक तास, दीड तास कंपन्या उगाच लिहितात. तिकिटावरची वेळ हा ब्लॉक टाइम असतो, चाकांचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, चढणं-उतरणं आलं, उतरण्यासाठी नंबर लागणं आलं. 10,000 फुटांखाली वेग 250 नॉटच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे ताशी साधारण 460 किलोमीटर. नागपूर-मुंबईत पूर्ण वेग मिळतो तो मधला थोडा वेळ. नुसता भागाकार करून मोठ्या अक्षरांत ‘प्रवासाचा वेळ’ छापणाऱ्या साइटींचा मला मनापासून राग येतो.

नागपूरहून थेट सहारला येणाऱ्या दुपारच्या विमानात दोन जागा होत्या. मी स्क्रीन वळवून दाखवल्या. तो नको म्हणाला.

विमान वेळेवर उतरलं. तिकिटं वेगळी, त्यामुळे सामान परस्पर पुढे जाणार नव्हतं. काकूंची पापड-मसाल्यांची बॅग पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आली. मग मानखुर्दला गाडी अडकली. लंडनच्या विमानाचा चेक-इन काउंटर तासभर आधी, 7:40 ला बंद झाला. ते पोचले आठला दहा कमी असताना. विम्याच्या कागदावर आमचा नंबर होता, म्हणून काकांनी मलाच फोन लावला.

"विमान तर अजून उभंच आहे ना मॅडम, मग बंद कसं काय?"

लंडनच्या तिकिटाचे कर तेवढे परत मिळाले. दुसऱ्या दिवशीची तिकिटं आयत्या वेळच्या भावाने घ्यावी लागली. पहिलं विमान वेळेवर आलं होतं, त्यामुळे भरपाई मागायची तरी कुणाकडे?

काकांचा नंबर सकाळी फॉर्मवर मीच लिहिला होता. पैसे मुलाचे, प्रवास काका-काकूंचा. मुलगा नको म्हणाल्यावर थेट त्यांना फोन करावा का? ऑफिसात माझ्याबरोबर बसणारा भाऊ म्हणतो, गिऱ्हाइकाला डावलून असं करायचं नसतं. मला ते अजून पटलेलं नाही.