आमची वाटचाल : बालवाडी, पिशवी आणि एक आजी

वार्षिक अहवालात आमच्या संस्थेचा आलेख सरळ वर चढत गेलेला दिसतो. एक बालवाडी, मग आणखी बालवाड्या, मग पालकांचे वाचनवर्ग. देणगीदारांना असाच आलेख आवडतो, म्हणून आम्हीही तसाच छापतो. पण मधल्या एका वर्षी संस्था मोडता मोडता वाचली. ती कशामुळे मोडायला आली होती हे आजवर कुठल्याच अहवालात आलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा धडा बालवाडीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. आमचं म्हणणं एवढंच होतं की अंगणात पोचलोच आहोत तर उंबरा ओलांडायला काय हरकत? त्यातून मुलांनी घरी न्यायची पुस्तकांची पिशवी आली.

पिशवी जाड कापडाची, तोंड रुंद. अरुंद पिशवीत पुस्तकांचे कोपरे दुमडतात. आत दोन पुस्तकं आणि बाहेरच्या खिशात एक कार्ड. कार्डावर अक्षर एकही नाही. डोळा, बोट आणि कान अशी तीन चित्रं : आधी बघा, मग बोट ठेवून विचारा, मग मुलाचं ऐका. वाचता न येणाऱ्या पालकांच्या हातात लेखी सूचना देणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. असो.

पहिली काही वर्षं सुरळीत गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग आमच्याच वस्त्यांमध्ये एक मोठी संस्था आली. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. गुळगुळीत छपाईच्या वर्कबुका, गणवेश, आणि ‘तीन महिन्यांत मूल वाचू लागेल’ असा फलक. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल आणि समोर ठिपके जोडायची पानं. पालकांना वही भरलेली दिसली की शिक्षण झाल्यासारखं वाटतं. आमच्याकडे दिसायला काय होतं? मातीत माखलेले हात, मणी ओवणं, बडबडगीतं. हजेरीपट महिन्याभरात निम्म्यावर आला. आमचा सर्वांत मोठा देणगीदारही तिकडे गेला. जाताना ‘तुमचे आकडे मोजता येत नाहीत’ असं सुनावून गेला. 1988 मध्ये व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचताना उघडे प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर हो-नाहीत संपत नाही असे, विचारायला शिकवलं होतं. एका महिन्यात मुलांच्या बोलण्यात मोजता येईल इतका फरक पडला. हा अभ्यास मी त्या देणगीदाराच्या टेबलावर ठेवला. त्याने कागद उलटासुद्धा केला नाही.

सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. आमच्याकडे तयार झालेल्या दोन बालवाडीताई तिकडे गेल्या. मानधन थकलं होतं, त्यांना दोष देत नाही. पण थोड्याच दिवसांत तिकडेही पिशव्या दिसू लागल्या. तोंड रुंद, बाहेर खिसा, खिशात चित्रांचं कार्ड, फक्त बोधचिन्ह त्यांचं. त्यांच्या अहवालात त्याला ‘अभिनव उपक्रम’ म्हटलंय.

त्या दिवसांत एक आजी नातवाला घेऊन रोज येत राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पिशवी मात्र ठरल्या वारी परत यायची आणि दुसरी जायची. एकदा नातू वर्गात म्हणाला, “ताई, तुम्ही सांगता ती गोष्ट रोज तीच असते. आजीची रोज बदलते. काल वाघ पळाला, आज झोपला.” आजी चित्रं बघून रोज नवी गोष्ट रचत होत्या. छापलेलं बदलत नाही, हे त्या पोराला कुठलीही वही न भरता कळलं होतं. आजींना मात्र ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या दाराशी थांबल्या. “बाई, वाघाचं खरं काय झालं ते मला वाचायचंय,” म्हणाल्या.

पालकांचा वाचनवर्ग तिथून सुरू झाला. अमेरिकेत केंटकीमध्ये 1980च्या दशकात कुटुंब साक्षरतेचा चार भागांचा साचा रूढ झाला : मुलांचा वर्ग, मोठ्यांचा वर्ग, दोघांनी मिळून घालवायचा वेळ आणि पालकत्वावर गप्पा. हे आम्ही नंतर वाचलं. आमच्याकडे आजींनी आपल्या सुनेला आणले, सुनेने शेजारणींना. तिकडची वर्कबुकं भरून झाली, फलकावरचे तीन महिनेही उलटले. मुलं पानावरची अक्षरं घडाघडा म्हणत होती, पण न पाहिलेलं पुस्तक पुढे केलं की गप्प. मग पालक एकेक करून परत आले. कुणी चूक झाली असं म्हटलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

नव्याने संस्था काढणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगते. पिनांनी शिवलेली पुस्तकं घेऊ नका, मधलं पान आधी निसटतं. दोऱ्याची शिलाई बघा आणि कण्यावर कापडी पट्टी लावा. पुस्तक फाटलं किंवा हरवलं म्हणून दंड लावू नका, दंडाच्या भीतीने पिशवी कपाटावर चढते आणि मुलाचा हात तिथे पोचत नाही. मुलांनी बोट फिरवायची खरखरीत कागदाची अक्षरं विकत आणण्यापेक्षा ताईंनीच कापावीत. कापताना वळण त्यांच्याही बोटांत बसतं. आणि पैसे आले की आधी मानधन, मग रंगरंगोटी.

आज बालवाड्या आहेत, वाचनवर्ग आहेत, आणि काही ताई अशा आहेत ज्या लहानपणी आमच्याच चटईवर बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्या मोठ्या संस्थेचं पत्र आलं. त्यांच्या ताईंना पिशवीचं प्रशिक्षण हवंय, ‘आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ’ वगैरे. आम्ही शुल्क कळवलं, आगाऊ भरायचं. शिवाय पिशवीवर आमचं नाव हवं, अशी अट घातली. अजून उत्तर नाही.